पुण्यात ६५० आय कन्व्हर्टिबल मिळतेय, २००९ ची. कोल्हापुरात सांभाळता येईल का? मदत हवी आहे

शिरोलीकर

मंडळी, पोस्ट लांबलीय, पण इथं गावात ह्या विषयावर विचारायला माणूस सापडेना. ज्याला विचारावं तो आधी किंमत विचारतो आणि मग हसतो.

पुण्यात एक बीएमडब्ल्यू ६५० आय कन्व्हर्टिबल विकायला आहे. मॉडेल २००९ चं, नोंदणी जानेवारी २०१० ची, एमएच १२ पासिंग, दुसरे मालक, मीटरवर ४१ हजार. गडद निळा रंग, काळं कापडी छत, आत क्रीम लेदर. मालक रिटायर्ड गृहस्थ, गाडी बंद गॅरेजात कव्हर घालून ठेवलेली, मध्ये डीलर नाही, ओळखीतून कळलं. मागतायत १९ लाख, थोडं खाली येतील असं वाटतंय. फोटो बघितले तर गाडी शोरूममधून काल आल्यासारखी दिसतेय आणि खरं सांगायचं तर तिथंच मला जरा धाकधूक व्हायला लागलीय.

ही गाडीच का, तर मला रेसिंग करायचं नाही. स्पोर्ट्स कार घेऊन गॅरेजात कुरवाळत बसणाऱ्यातला मी नाही. मला लांबचा पल्ला आरामात मारणारी, मोठ्या इंजिनाची, छत उघडणारी आणि चार सीटची गाडी पाहिजे. मागं मोठं माणूस बसत नाही हे मान्य, पण पोरं बसतात. इंजिन ४.८ लिटर व्ही एट, ३६७ हॉर्सपॉवर, टर्बो नाही. रविवारी पहाटे पन्हाळा, थंडीत आंबोलीवरून गोवा, कधी गगनबावड्याकडं, एवढाच वापर. रोजच्याला इनोव्हा आहेच. आबांचं म्हणणं एवढ्या पैशात वॉरंटीसकट नवीन गाडी दारात येते, आणि ते बरोबर आहे, त्यावर इथं वाद नको.

आता अडचणी. पहिली म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षं जानेवारी २०२५ लाच संपलीत आणि री-पासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, केलेलं नाही, मालक म्हणतात "ते तुम्ही तुमच्या नावावर करताना करून घ्या, सोपं असतंय". दुसरी, छत. हे हायड्रॉलिक छत बिघडलं तर कोल्हापुरात त्याला हात कोण लावणार, आणि आपला पाऊस तुम्हाला माहितीच आहे. तिसरी, सर्व्हिस रेकॉर्ड २०१७ पर्यंत शिक्के मारलेलं आहे, त्याच्या पुढं "बाहेर करून घेतली" एवढंच, बिलं शोधतो म्हणालेत. चौथी म्हणजे इंजिनबद्दल नेटवर वाचलं की झोप उडते, त्यातलं खरं किती आणि घाबरवणं किती ते कळत नाही.

येत्या आठवड्यात बघायला जाणार आहे. बरोबर आमचा नेहमीचा मिस्त्री घेऊन जातोय, लोहचुंबक घेऊन पत्रा तपासण्यात त्याचा हातखंडा आहे. आणखी काय बघू?

रंकाळा_कट्टा

नाद खुळा भावा! घे आणि पहिली चक्कर आम्हाला मार. फक्त एक सांगतो, गळीत हंगामात छत उघडून शिरोळ-हातकणंगले साईडला जाऊ नको, उसाच्या ट्रॉलीमागं पाच मिनिटं अडकलास की क्रीम लेदरवर पाचट आणि डोक्यात धुरळा. माझ्या मित्राची उघडी जीप आहे, त्यानं अनुभव घेतलाय. बाकी गाडीतलं मला काय कळत नाही, धागा फॉलो करतोय.

व्ही_आठ_वाला

पुण्यातून लिहितोय, ह्या पिढीच्या गाड्यांवरच काम करतो म्हणून जरा सविस्तर.

चुंबक घरी ठेवा. ह्या गाडीचं बॉनेट आणि दरवाजे ॲल्युमिनियमचे, पुढचे दोन्ही फेंडर प्लॅस्टिकचे, डिकीचं झाकणसुद्धा प्लॅस्टिक कंपोझिटचं. तुमचा मिस्त्री चुंबक लावेल, ते चिकटणार नाही आणि तो म्हणेल सगळीकडं लांबी (डेंट बुजवायची पुटी) भरलीय. एवढंच नाही, पुढचा सांगाडाही ॲल्युमिनियमचा आहे आणि तो मागच्या स्टीलला रिव्हेट मारून आणि चिकटवून जोडलेला असतो. पुढून जोरात ठोकलेली गाडी साध्या डेंटरनं ओढून सरळ केली असेल तर ती परत कधी नीट सरळ चालत नाही. म्हणून बॉनेट उघडून आतले जोड बघा, रिव्हेट दोन्ही बाजूंना सारखे आहेत का बघा, बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालाय का बघा.

इंजिन एन ६२, ह्या व्ही एटचं बीएमडब्ल्यूतलं नाव. चांगलं इंजिन आहे पण वयाचे आजार ठरलेले आहेत आणि ते किलोमीटरवर कमी, वर्षांवर जास्त येतात, कारण बहुतेक दोष रबराचा आहे. ४१ हजार बघून गाफील राहू नका. व्हॉल्व्ह स्टेम सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरचे रबरी सील, कडक होतात. त्याची परीक्षा अशी, गाडी पूर्ण गरम होऊ द्या, मग दहा-पंधरा मिनिटं नुसती आयडलिंगवर उभी ठेवा, कुणाला तरी मागं उभं करा आणि मग ॲक्सिलरेटर दाबा. निळा धूर भसकन आला तर सील गेलेत. मालक जर म्हणाले की कशाला उगाच चालू ठेवताय, पेट्रोल जळतंय, तर समजून जा. दुसरं म्हणजे इंजिनाच्या दोन बाजूंच्या मधून, आतून एक कूलंटचा पाईप जातो, त्याच्या पुढच्या टोकाचं सील गळायला लागतं आणि वॉटर पंपाच्या मागच्या छोट्या भोकातून कूलंट ठिबकतं. मूळ पद्धतीनं तो पाईप बदलायचा तर पुढचं अर्धं इंजिन उघडावं लागतं, मजुरीच भयंकर. तिसरं, आल्टरनेटरच्या ब्रॅकेटचं गॅस्केट, तिथून तेल गळून खाली आल्टरनेटरवर पडतं. गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन बे चकाचक धुतलेलं असेल तर मला ते आवडणार नाही. धूळ बसलेलं पण कोरडं इंजिन शंभरपट बरं.

आणि इंजिन थंड असताना पोचा, आधीच सांगून ठेवा की मी आल्याशिवाय स्टार्ट करू नका. बॉनेटला हात लावून बघा.

गिअरबॉक्स झेडएफचा सहा गिअरचा आहे, चांगला आहे. बीएमडब्ल्यू त्यातलं तेल आयुष्यभराचं म्हणायची, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या मध्ये बदला म्हणते. सोळा वर्षं झालीत, बदललं नसेल तर घेतल्यावर बदलायचं, फिल्टर प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच असतो म्हणून पॅनसकट.

मीटरबद्दल. ह्या गाडीत किलोमीटर फक्त डॅशबोर्डवर नसतात, दुसऱ्या मॉड्यूलमध्येही साठतात आणि चावीतसुद्धा साठतात. स्कॅनर लावून तिन्ही आकडे जुळवून घ्या. दोन्ही चाव्या मागा.

उद्यमनगर_लेथ

@व्ही_आठ_वाला तो कूलंटचा पाईप काय असतो त्याचा फोटो टाका की. उद्यमनगरात आमच्याकडं स्टेनलेस स्टीलमध्ये टर्न करून देऊ, ओ-रिंगसकट. पंपाचे काय, जर्मनीचे काय, सगळे पार्ट इथं होतात.

व्ही_आठ_वाला

दादा, तुमच्या हातावर शंका नाही, पण पाईप बनवणं हा प्रश्नच नाही, तो आत घालायचा कसा हा आहे. बाजारात दोन भागांत सरकणारा पाईप मिळतो, जुना आतल्या आत कापून काढायचा आणि हा मागं-पुढं सरकवून बसवायचा, म्हणजे पुढचं कव्हर उघडावं लागत नाही. तो मागवून घेणंच स्वस्त पडतं. तुम्ही तसा सरकणारा बनवणार असाल तर पहिला नग मीच घेतो.

पासिंग_काका

री-पासिंगवर बोलतो, कारण ह्या धाग्यातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य तेच आहे. "तुम्ही करून घ्या" अजिबात मान्य करू नका. नोंदणीची मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवणं म्हणजे विनानोंदणी चालवणं. पुण्याहून कोल्हापूर २३०-२३५ किलोमीटर, त्यात सातारा-कागल रस्त्याचं काम आणि डायव्हर्जन. मध्ये काही झालं तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

मालकाच्याच नावावर पुण्यात आधी नूतनीकरण होऊ द्या. २५ नंबरचा फॉर्म, विमा, पीयूसी, पर्यावरण कर, आणि गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. ते पाच वर्षांसाठी मिळतं. एप्रिल २०२२ पासून साध्या कारची फी ५ हजार आहे, पण आयात केलेल्या चारचाकीची ४० हजार. ही गाडी भारतात जोडलेली नाही, जर्मनीतून अख्खी आलेली, म्हणून आरसीवर काय नोंद आहे ते आधी बघा. वर उशिराचे महिन्याला ५०० वेगळे. हे सगळं मालकानं भरायचं किंवा किमतीतून वजा, पण कागद आधी. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटही बसलेली पाहिजे.

त्यानंतर नाव बदलायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म. पूर्वीचं कर्ज असेल तर आरसीवरून बोजा उतरलाय का बघा, बरेचदा कर्ज फिटलेलं असतं पण नोंद तशीच राहते. राज्यातल्या राज्यात आहे म्हणून रोड टॅक्स नव्यानं नाही, नंबरही एमएच १२ च राहील. कुणी दिल्लीची ह्याच्या निम्म्या किमतीत दाखवली तर भुलू नका, तिथं पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांची भानगड असते म्हणून त्या स्वस्त असतात, आणि इथं आणली की टॅक्स परत भरा.

बेळगावकर_

मी असतो तर पुढच्या पिढीची घेतली असती, २०११ नंतरची. दिसायला पण भारी.

व्ही_आठ_वाला

तिच्यात ४.४ ट्विन टर्बो, दोन्ही टर्बो व्हीच्या मध्ये बसवलेले. उष्णता इतकी की आसपासचं रबर-प्लॅस्टिक भाजून निघतं, तेलही पिते. घरापासून दोन-अडीचशे किलोमीटरवर मेकॅनिक असताना मी ती सुचवणार नाही. वयानं जुनी असली तरी टर्बो नसलेली बरी. बीएमडब्ल्यूचीच उघडी झेड ४ म्हणाल तर दोनच सीट, पोरांचं काय करणार?

शिरोलीकर

सगळ्यांचे आभार, काकांचं वाचून मालकांना फोन केला. री-पासिंग आधी तुम्ही करा म्हटल्यावर जरा गप्प झाले, मग म्हणाले खर्च निम्मा-निम्मा करू. मी म्हटलं बघू. मिस्त्रीला चुंबकाचं सांगितलं तर त्याला पटलेलंच नाही, म्हणतोय बघतोच मी. @व्ही_आठ_वाला, छताबद्दल राहिलं तेवढं सांगा, मला मुख्य भीती त्याचीच आहे.

व्ही_आठ_वाला

छत लोकांना वाटतं त्यापेक्षा टिकाऊ आहे. कापडाला तीन शत्रू, शेवाळ, प्रेशर वॉशर आणि ओलं असताना घडी घालणं. ओलं छत खाली टाकून आठवडाभर ठेवलं की वास आणि काळे डाग, ते परत जात नाहीत. कोल्हापूरच्या पावसाळ्यात सरळ वर ठेवा, हवा जाणारं कव्हर घाला, प्लॅस्टिकचं नको.

बघताना छत लागोपाठ दोन-तीन वेळा उघड-बंद करा, इंजिन चालू ठेवून. एकदा नीट चालतं म्हणून खूश होऊ नका, तेल कमी असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला दम लागतो, पंप ओरडतो. डिकीत छताच्या जागेचा एक कप्पा असतो, तो खाली केलेला नसेल तर छत हलतच नाही, तेव्हा "बिघडलंय" म्हणून भाव पाडायला जाऊ नका, हसतील. मागची उभी काच स्वतंत्र खाली-वर होते, ती दोन्हीकडं सारखी जाते का बघा. मग डिकीतलं अस्तर उचला. बॅटरी तिथंच आहे. छताच्या पाणी जाण्याच्या नळ्या पाल्यापाचोळ्यानं तुंबल्या की पाणी तिथं उतरतं. तळाला गंज, पाण्याची रेघ, वायरच्या कनेक्टरवर हिरवट थर असं काही दिसलं तर तिथंच थांबा. तुम्ही २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलाय, बुडालेली गाडी कशी वास मारते हे मी वेगळं सांगायला नको, तेच नाक इथं वापरा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून टोकाला चिखलाची रेघ आहे का तेही बघा.

गाडी नुसती उभी असते म्हणालात, म्हणजे बॅटरी बदललेली असणार. ह्या गाडीत नवी बॅटरी बसवली की कॉम्प्युटरला तशी नोंद द्यावी लागते, ते न करता बसवली असेल तर वर्षभरात तीही मरते. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा, आठवडा आणि वर्ष. नक्षी नवीकोरी असली तरी सहा-सात वर्षांपूर्वीचे असतील तर चारही बदलायचे, आणि हे रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) आहेत, डिकीत स्टेपनी नाही, त्याचा खर्च किमतीत धरा.

सर्व्हिसचं म्हणाल तर वर्षातून एकदा पुण्याला आणायची, मध्ये तेल-फिल्टर कोल्हापुरातच, एवढं जमतं. माझा हिशेब असा की १९ ची गाडी १५-१६ ला घ्यायची आणि उरलेले तीन-चार लाख पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवायचे, कपाटात, दुसऱ्या कशाला हात न लावता. ते ठेवता येत नसतील तर नका घेऊ. आणि २०१७ नंतरची बिलं मिळाली नाहीत तर १५ पण नाही.

रंकाळा_कट्टा

शिरोलीकर, विमा काढताना आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, काय लावतायत ते पण विचार रे. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप (घसारा न कापता भरपाई) सहसा देत नाहीत, एक हेडलाईट फुटला तरी खिशातनं. आणि उंदरांचं बघ, शिरोलीच्या शेडमध्ये ठेवणार असशील तर वायरी खाऊन टाकतील.

शिरोलीकर

शेडमध्ये नाही, घराच्या पार्किंगला जागा करतोय, इनोव्हा बाहेर. बिलांचे फोटो मालकांनी आत्ता पाठवलेत, २०२१ चं एक आहे त्यात व्हॉल्व्ह कव्हर गॅस्केट आणि वॉटर पंप लिहिलंय, बाकी दोन नुसती तेल-फिल्टरची. @व्ही_आठ_वाला, वॉटर पंप काढला होता म्हणजे त्या मेकॅनिकला मागचं भोक दिसलं असणारच ना? गॅरेजचं नाव बिलावर आहे, शनिवारी आधी त्यालाच जाऊन भेटू का, मग गाडी?

व्ही_आठ_वाला

हो, आधी त्यालाच. किलोमीटरचा आकडा त्या बिलावर काय लिहिलाय तोही इथं टाका.