गेममधून बायनरी (फक्त ० नि १ वापरून आकडे लिहिणं) शिकवायचंय पण पोरं वाचतच नाहीत, काय करावं?

छप्पनचा_पोहेवाला: नमस्कार मंडळी, आम्ही चौघं इंदूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहोत, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी कम्प्युटर सायन्सचा गेम बनवतोय, गोडो नावाच्या गेम इंजिनमध्ये. थीम सराफ्याची आहे, दिवसा सोन्याची दुकानं, रात्री खाऊच्या गाड्या. प्रत्येक लेव्हलच्या आधी माहिती येते नि शेवटी ४ प्रश्न. परवा मावशीकडे लोकमान्यनगरात ५ मुलांना खेळायला दिला तर पाचही जणांनी माहिती न वाचता टकाटक टॅप करून उडवली, प्रश्नांना अंदाजे उत्तरं मारली, वर एक म्हणतो दादा हे वाचायलाच लागतं का. महिनाभर मेहनत केलीय हो, कुठे चुकतंय?

सुदामानगरची_ताई: अरे माहितीचा पडदा काढूनच टाक. सराफा घेतलायस ना, मग तराजू दे! वजनं १, २, ४, ८, १६ ग्रॅम, प्रत्येकी एकच. (दुकानात १, २, ५, १० अशी असतात, पण इथे दुप्पट-दुप्पटच हवीत.) गिऱ्हाईक म्हणतं १९ ग्रॅम दे. मी शिकवणीत हेच ठिपक्यांच्या कार्डांनी करते, न्यूझीलंडच्या सीएस अनप्लग्डमधली पद्धत आहे ती, कम्प्युटर लागतच नाही. एक मुलगी १९ साठी १६ चं कार्ड ठेवून ८ कडे गेली, थांबली, ४ उचललं, ते पण जास्त होतंय म्हणून परत ठेवलं, मग २ नि १. ठेवलं तिथे १, नाही तिथे ० लिही म्हटलं, तिने १००११ लिहिलं आणि मग ० ते ३१ सगळे आकडे स्वतःच बनवत बसली. बायनरी हा शब्द मी त्यानंतर सांगितला.

रामबाग_कोडर: ताई बरोबर बोलतायत. सर्चिंगला पण तसंच कर, वजनाच्या क्रमाने लावलेल्या १०० डब्या, त्यातली एक शोधायची, डबी उघडली की हवी ती हलकी की जड एवढंच कळतं, आणि उघडायची संधी फक्त ७ वेळा. पहिल्यापासून एकेक उघडणारा बहुतेक वेळा हरेल, मधली उघडून अर्धा भाग सोडून देणाऱ्याला ७ पुरतातच. मग पुढच्या लेव्हलला डब्या विस्कटून ठेव, तीच युक्ती चालत नाही म्हटल्यावर सॉर्टिंग, म्हणजे क्रमाने लावणं, कशाला लागतं ते पोरं स्वतःच विचारतील. प्रश्न काढ, प्रश्नांनी कोणी शिकत नाही.

सुदामानगरची_ताई: सगळे नको काढू रे. जिंकल्यावर एकच विचार, कसं केलंस ते मित्राला सांग. बोलताना कळतं मुलाला किती समजलंय.

छप्पनचा_पोहेवाला: ताई, दादा, खूप आभार! काल रात्री जागून तराजूची लेव्हल केली, माहितीचा एक शब्द ठेवला नाही. सकाळी त्याच मुलाला दिली, अर्धा तास फोन सोडेना. मग विचारतो, दादा ३ ग्रॅमचं वजन का नाही दिलं? मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, अच्छा, १ नि २ आहेत ना.