सल्ला हवा: बाबांसाठी पक्ष्यांची लेन्स, बजेट ७० हजार

मृण्मयी_स
नमस्कार मंडळी. बाबा बँकेतून निवृत्त झालेत, सोलापुरात असतात. दिवाळीला भावाने त्यांना कॅननचा आर१० कॅमेरा घेऊन दिला, सोबत १८-१५० मिमीची किट लेन्स. तेव्हापासून सकाळी हिप्परगा तलाव नाहीतर नान्नजचा माळ, आणि नऊ वाजेपर्यंत मला व्हॉट्सॅपवर ठिपके. "हा बघ भोवत्या!" आभाळात एक करडा ठिपका. "हे बघ चक्रवाक!" पाण्यावर दोन भगवे ठिपके.
तर लांब पल्ल्याची लेन्स हवी आहे. बजेट ७०, ओढूनताणून ७५. सेकंडहँड चालेल. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वजन. उजवा खांदा जुना दुखरा आहे आणि ते स्कूटीवरून जातात. ताडोबा, केनिया काही डोक्यात नाही.

पक्षीवेडा_नाशिक
सोनीची २००-६००. डोळे झाकून घ्या. माझ्याकडे आहे. झूम करताना नळी बाहेर येत नाही, त्यामुळे धूळ आत ओढली जात नाही. नांदूरमध्यमेश्वरला टॉवरवर उभा राहिलो की शेजारचे आपापली लेन्स बॅगेत ठेवतात. बजेट थोडं वाढवा. एकदाच घ्या पण चांगलं घ्या.

मृण्मयी_स
पण ती कॅननला बसेल का?

पक्षीवेडा_नाशिक
नाही. बॉडी बदलायची. आर१० ला गिऱ्हाईक मिळतं.

विदर्भवाघ
ताई, सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी, सेकंडहँड, अडॅप्टर (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी) लावून. विषय संपला. ताडोब्याच्या मोहर्ली गेटने आत शिरलो की माझी तीच असते. वजन १९३० ग्रॅम, म्हणजे दोन किलोपण नाही. हातात धरायचीच कशाला? लेन्स टेकवायची बीनबॅग घ्या. मी रिकामी पिशवी नेतो आणि चंद्रपुरात तांदूळ भरतो. जिप्सीच्या दांड्यावर टाकली की लेन्स हलत नाही, आणि परतताना तांदूळ गाईडला देऊन टाकायचे. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या भागात, मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे हातात दुसरं काही नसतंच. बाबांना एकदा ताडोब्याला आणाच. उन्हाळ्यात या, पाणवठ्यावर वाघ बसलेला असतो.

मृण्मयी_स
दादा, बाबा जिप्सीत नाही, स्कूटीवर असतात 😄

शटरकाका
६०० ची गरजच नाही. आर१० क्रॉप बॉडी आहे, म्हणजे सेन्सर फुलफ्रेमपेक्षा लहान, १.६ ने गुणा. ४०० ची लेन्स लावली की ६४० झाली.

गणितगुरुजी
झाली नाही. ४०० ची लेन्स ४०० चीच राहते. १.६ ने गुणून मिळतो तो फक्त दृश्यकोन.

शटरकाका
फ्रेममध्ये पक्षी मोठा दिसतो ना? मग झालं.

गणितगुरुजी
मोठा दिसतो कारण कडेचं कापलेलं असतं. लेन्स जास्त जवळ आणत नाही. क्रॉपचा खरा फायदा वेगळा आहे. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेमवर तेवढाच तुकडा कापलात तर हातात साडेनऊच्या आसपास मेगापिक्सेल उरतात. आर१० वर तेवढ्याच तुकड्यात २४ च्या २४. दूरच्या, लहान पक्ष्याला हे उपयोगी पडतं. पण म्हणून ४०० चं ६४० "होत" नाही.

शटरकाका
मी फिल्मच्या जमान्यापासून फोटो काढतोय.

गणितगुरुजी
फिल्मच्या जमान्यातही ४०० चीच होती.

कोकणी_खेकडा
सेकंडहँड घेणार असाल तर बुरशी बघा. मी एक घेतली होती, कोणाकडून ते जाऊ दे, "एकदम मिंट" म्हणून दिली. रत्नागिरीत एक पावसाळा काढला आणि आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. साफ करायला सांगितलेली रक्कम ऐकून तशीच ठेवून दिली.
तपासायचं कसं: दोन्हीकडची झाकणं काढा, खोली काळोखी करा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि समोरून तिरकं बघा. सरळ बघितलं तर काही दिसत नाही. धुळीचे चार कण चालतील, धागे आणि धुरकटपणा नको. मग झूमची रिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा, कुठे अडते का. घरी आणल्यावर हवाबंद डबा, सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक. काटा ४०-५० मध्ये राहायला हवा.

विदर्भवाघ
हे कोकणचे प्रॉब्लेम. आमच्याकडे बुरशीच सुकून जाते.

टेक्सासचा_बंड्या
इकडे रिफर्बिश्ड लेन्स बऱ्याच स्वस्त पडतात. कोणी येणारं असेल तर मागवून घ्या. मी येताना दर वेळी कोणाचं ना कोणाचं सामान आणतो.

नानबा
आणि कस्टमवाल्यांनी धरलं की? शिवाय बाहेरून आणलेल्या मालाची वॉरंटी इथे चालेल की नाही ते आधी लेखी विचारून घ्या. "चालते हो साहेब" हे काउंटरवर सगळेच म्हणतात.

अनामिका_ज
मूळ प्रश्न वजनाचा होता ना? मी आर१० वरच कॅननची आरएफ १००-४०० वापरते. लेन्स ६३५ ग्रॅम, बॉडी ४२९. सगळं मिळून एक किलोच्या जरा वर. सिग्मा अडॅप्टर आणि बॉडीसकट अडीच किलोला भिडते. नवी घेतली तरी बजेटमध्ये बसते, कंपनीची वॉरंटी, स्टॅबिलायझर चांगला, आणि मीटरभरावरचं फुलपाखरूही टिपता येतं.
तोटा: ४०० ला एफ ८ (एफचा आकडा मोठा तितका उजेड कमी). सिग्माच्या ६०० ला एफ ६.३, म्हणजे दोन तृतीयांश स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). अगदी पहाटे आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार) ६४०० च्या वर जातो. हल्ली डीनॉइज सॉफ्टवेअरने बरंच सावरतं.

शटरकाका
अनामिकाताई, आमच्या वेळी ४०० च्या फिल्मवर काम भागवायचो. ६४०० म्हणजे वाळू.

सोलापुरी_कडक_भाकरी
ताई, तुमचे वडील हिप्परग्याला येतेत का? पांढरी स्कूटी, गळ्यात मफलर? मग मी बगितलोय त्यांना.
इथली एक गोष्ट कोण सांगंना म्हणून लिवतो. आपल्याकडं उजेडाची टंचाई न्हाई, टंचाई गार हवेची हाय. नान्नजच्या माळावर ऊन तापलं की जमिनीवरची हवा थरथरती. मग तुम्ही सहाशे लावा न्हाईतर आठशे, काळविटाच्या शिंगाची कड काय सरळ येत न्हाई. लोक लेन्सला शिव्या देतेत, सर्व्हिसला पाठवतेत. लेन्सचा दोष नसतोय त्यो. लवकर जावा, जमिनीलगत बसलेल्या धाविकापेक्षा उडत्या भोवत्याचा फोटो घ्या, न्हाईतर जवळ जावा. जवळ जायचं म्हंजे माणसानं एका जागी गप बसायचं, पाखरू आपोआप येतंय. डोंबारी चंडोल तर वाटेवरच खेळत असतेत.
माळढोक मात्र विचारू नका.

पक्षीवेडा_नाशिक
+१ हवेबद्दल. म्हणूनच चांगली लेन्स हवी. सोनी.

गणितगुरुजी
थरथरत्या हवेवर लेन्सचा ब्रँड बदलून काय होणार आहे?

मृण्मयी_स
खूप आभार सगळ्यांचे. अनामिकाताई, तुमची लेन्स यादीत पहिली. भाकरीदादा, हो, मफलरवाले तेच 😄
एक शेवटचा प्रश्न. दुकानदाराने आरएफ ६०० एफ ११ पण दाखवली. तिच्याबद्दल कोणीच लिहिलं नाही?

विदर्भवाघ
एफ ११??? ताई, ती लेन्स नाही, बोगदा आहे.

शटरकाका
११ वर फक्त सूर्याचा फोटो येईल.

अनामिका_ज
मी घेणार नाही. एफ ११ वरच अडकलेली, छिद्र मोठंही होत नाही आणि लहानही. झूम नाही. ४.५ मीटरच्या आतलं फोकस होत नाही. धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही. झाडीत, सावलीत त्रास होईल.

कोकणी_खेकडा
अनामिका यांच्याशी सहमत. आमच्याकडे आंब्याखाली दुपारीसुद्धा चालणार नाही.

नानबा
भाड्याने आणा की आधी. पुण्यात मिळतात लेन्स. शनिवार-रविवारसाठी दोन्ही लेन्स न्या, बाबांच्या हातात द्या, जी आवडेल ती घ्या. इतकी चर्चा कशाला?

मृण्मयी_स
नानबा, तेच केलं. त्या दोन्ही आणि सिग्मा, अशा तिन्ही घेऊन सोलापूरला गेले.
सिग्मा बाबांनी हातात घेतली, एकदा डोळ्याला लावली, म्हणाले "छान आहे" आणि टेबलावर ठेवली. परत हात लावला नाही. १००-४०० घेऊन रविवारी तलावावर गेलो. फोटो सुंदर आले, मला तर तीच आवडली. पण बाबांचं एकच, "अजून थोडं जवळ हवं होतं."
मग ६०० एफ ११. ९३० ग्रॅम. आत ढकलली की साधारण वीस सेंटिमीटरची होते, डिकीत मावते. काढायची, बाहेर ओढायची, पिळून लॉक करायची. तीनदा करून दाखवलं, चौथ्यांदा त्यांनी मलाच शिकवलं. आठच्या सुमाराला ऊन लख्ख होतं. बांधावर बसून पट्टकदंबांचा थवा उतरताना त्यांनी टिपला. शटर १/१६०० सेकंद, आयएसओ ८००, आणि चोचीच्या टोकापर्यंत स्वच्छ. त्याआधीचे, उजाडतानाचे फोटो वाईट आहेत, आयएसओ १२८०० वर रांगोळी. त्यावर बाबा म्हणतात, "मग आठला जाईन. मला कुठे ऑफिस आहे?"
तर तीच घेतली, नवी. उरलेल्या पैशात बीनबॅग आणि खेकडादादांचा डबा.

विदर्भवाघ
मग विचारलं कशाला?

गणितगुरुजी
१/१६०० आणि ८०० बरोबर बसतं. लख्ख उन्हात एफ १६ ला शटर आयएसओइतकं ठेवायचं, हा जुना हिशेब. एफ ११ ला एक स्टॉप सुटतो, म्हणून ८०० चं १६००. शटरकाकांना हे ठाऊक असणार.

शटरकाका
ठाऊक आहे. मीच शिकवायचो. तरीही सहा महिन्यांनी विकायला काढतील, लिहून ठेवा.

अनामिका_ज
मला पटलं नाही, पण फोटो टाका ना पट्टकदंबांचा.

सोलापुरी_कडक_भाकरी
वडिलांना सांगा, संक्रांतीनंतर होटगी तलावाकडं बी चक्कर मारा. आणि बीनबॅगेत तांदूळ नको, ज्वारी भरा. इथं स्वस्त पडती.

पक्षीवेडा_नाशिक
आर१० विकणार नाही म्हणजे? माझ्या मेहुण्याला हवा होता.