बाबांचे निवृत्तीचे पैसे: पतसंस्था की पोस्ट?

प्रश्न – यवतमाळकर
बाबा जिल्हा परिषद शाळेतून 58 व्या वर्षी निवृत्त झाले. जुनी पेन्शन आहे. जीपीएफचे (भविष्य निर्वाह निधीचे) 11 लाख खात्यात आले, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विक्रीचे (पेन्शनचा काही भाग सोडून मिळणारे एकरकमी) पैसे यायचे आहेत. गावातली पतसंस्था 11 टक्के देतो म्हणते. पोस्टाची ज्येष्ठ नागरिक योजना 60 नंतरच मिळते ना? पुढच्या उन्हाळ्यात बहिणीचं लग्न आहे, त्याला 4 लाख लागतील.

उत्तर – कोठीघर
60 ची अट बाबांना नाही. 55 ते 60 वयात निवृत्त झालेल्याला हे खातं उघडता येतं, पण निवृत्तीचा लाभ हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. म्हणजे जीपीएफची मुदत सुरू झाली आहे! ग्रॅच्युइटीची वाट पाहत बसू नका. आता एक खातं उघडा, ती रक्कम आली की दुसरं. सगळी खाती मिळून मर्यादा 30 लाख. बाबांच्या वयात मिळालेल्या लाभापेक्षा जास्त भरता येत नाही.

आधार, पॅन, फोटो यांच्यासोबत कार्यालयाचं प्रमाणपत्र लागतं. त्यात पद, नोकरीचा कालावधी, निवृत्तीची तारीख आणि मिळालेला प्रत्येक लाभ हवा. लोक अडकतात ते इथंच: नुसता निवृत्तीचा आदेश घेऊन जातात आणि परत येतात. पंचायत समितीत आजच अर्ज टाका. रक्कम कोणत्या तारखेला जमा झाली हे दिसणारं पासबुकही न्या. 1 लाख किंवा जास्त असेल तर चेकनेच भरावं लागतं.

व्याज सध्या 8.2 टक्के, खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं कायम. 7 लाखांवर दर तिमाहीला 14,350 रुपये. ते बचत खात्यात जमा करायला सांगा. न उचललेल्या व्याजावर व्याज मिळत नाही.

उत्तर – वऱ्हाडी हिशेब
लग्नाचे 4 लाख या खात्यात टाकू नका, म्हणून वरचा हिशेब 7 लाखांचाच बरोबर आहे. वर्षाच्या आत खातं मोडलं तर व्याज शून्य, दिलेलंही मुद्दलातून कापून घेतात. दुसऱ्या वर्षात मोडलं तर दीड टक्का कपात, दोन वर्षांनंतर एक टक्का. लग्नाचे पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत वर्षाच्या एफडीत ठेवा.

पतसंस्थेबद्दल स्पष्टच सांगतो भाऊ: बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, व्याज धरून, सहकारी बँकेतही. पतसंस्थेला तो लागू नाही. संचालक ओळखीचे असले तरी पैसे अडकल्यावर ओळख कामी येत नाही. जादा तीन टक्क्यांसाठी आयुष्यभराची कमाई तिथं ठेवू नका.

उत्तर – पोस्टवाला
करापुरतं. बाबा 60 चे होईपर्यंत वर्षाला 50 हजारांवर व्याज गेलं की टीडीएस, म्हणजे व्याजातूनच आगाऊ कर, कापतात, नंतर ही मर्यादा 1 लाख. कर बसत नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो.

आईच्या नावानं काही पैसे पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवता येतील, एकटीच्या खात्यात 9 लाखांपर्यंत, सध्या 7.4 टक्के. मात्र बाबांनी दिलेल्या पैशाचं व्याज बाबांच्याच उत्पन्नात धरतात. आणि नॉमिनीचं नाव दोन्ही खात्यांवर पहिल्याच दिवशी घाला.

यवतमाळकर
उद्याच पंचायत समितीत जातो. प्रमाणपत्रात जीपीएफची रक्कम आणि तारीख लिहून मागतो, ग्रॅच्युइटी आली की नवीन घेतो.