हृदयातला 'स्कार': व्रण, वण की आणखी काही?

मधुमालती: एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत आणतेय. हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या भिंतीत कोलॅजनचे तंतू साचतात, विजेची लहर तिथे अडते, वळसे घेते आणि ठोके वेडेवाकडे पडतात. या तंतुमय भागाला मूळ मजकुरात 'स्कार' म्हटलंय. मी 'व्रण' लिहिलं. तपासणाऱ्या वैद्यांनी ते खोडलं: व्रण म्हणजे उघडी जखम, रुग्ण घाबरेल. आमच्याकडे तर 'जखम भरली, पण व्रण राहिला' असंच म्हणतात. काय लिहू?

पिंपळपान: वैद्य बरोबर आहेत. दुष्टव्रण, नाडीव्रण हे शब्द आठवा, दोन्ही न भरलेल्या जखमाच. जखम भरल्यावर उरते ती व्रणवस्तू. सुश्रुतसंहितेत म्हटलंय की जखम भरली तरी व्रणवस्तू देह असेपर्यंत जात नाही, म्हणून त्याला व्रण म्हणायचं.

काजवा: म्हणजे खुणेचा अर्थ सुश्रुताच्या व्याख्येतच आला की! आणि मराठीत शब्दाचा अर्थ मराठी बोलणारे ठरवणार. एवढं करून व्रण नकोच असेल तर 'वण' घ्या. देवीचे वण सगळ्यांना कळतात.

नाडीपरीक्षा: मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयापर्यंत नळी नेऊन उपचार करतात तिथे काम करते. वण कातडीवरचा, दिसणारा. हा हृदयातला स्कार गॅडोलिनियम हे द्रव्य शिरेतून देऊन केलेल्या एमआरआयमध्ये दिसला तर दिसतो, पातळ भिंतीमुळे तिथेही वाद होतात. शिवाय बहुतेकांना आधी जखम झालेलीच नसते. वय, रक्तदाब, वजन, झोपेत श्वास अडकणं आणि खुद्द फिब्रिलेशन, यांनी तंतू वाढतात. 'तंतुमयता' लिहा.

आणखी एक. अब्लेशनमध्ये, म्हणजे नळीने हृदयातला ठरावीक भाग निकामी करण्याच्या उपचारात, फुप्फुसशिरांच्या तोंडाभोवती आम्ही मुद्दाम स्कार करतो, वीज पलीकडे जाऊ नये म्हणून. त्या शिरांमधून फिब्रिलेशन सुरू होतं हे बोर्दोच्या डॉक्टरांनी 1998मध्ये दाखवलं. म्हणजे एक स्कार नको असलेला, एक हवा असलेला. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर रुग्ण विचारणार, जे वाईट तेच तुम्ही का करता?

मधुमालती: हे फार महत्त्वाचं आहे. पत्रकात 'स्कारवर उपचार' असं ठळक उपशीर्षक आहे.

नाडीपरीक्षा: ते बदलाच. तंतुमय भाग शोधून तोही जाळून पाहिला गेलाय. 2022च्या डीकाफ-2 चाचणीत नुसता शिरांभोवती स्कार करण्यापेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. साचलेले तंतू विरघळवेल असं सिद्ध झालेलं औषधही आज नाही. रक्तदाब, वजन, दारू, घोरणं यांकडे बघायचं आणि ठोक्यांची लय लवकर ताब्यात आणायची, एवढं हातात आहे. 'तंतुमयता वाढू नये म्हणून' असं लिहा.

मधुमालती: मग रोगाची ती तंतुमयता आणि अब्लेशनचा तो वण. अब्लेशनला 'डागणे' चालेल?

पिंपळपान: उत्तम! आयुर्वेदात अग्निकर्माची, म्हणजे डागून उपचार करण्याची परंपराच आहे. दाह, दाघ, डाग अशी सरळ वाट दिसते.

काजवा: अजिबात नाही. डाग फारसी 'दाग'वरून आला. दग्धचं प्राकृतात दड्ढ होतं, तिथून डागापर्यंत कसे पोचणार?

पिंपळपान: फारसी आणि संस्कृत सख्ख्या बहिणी. मूळ एकच असेल.

काजवा: असेल म्हणून चालत नाही, मधल्या पायऱ्या दाखवा.

नाडीपरीक्षा: व्युत्पत्ती काहीही असो, क्रायोबलून या थंड फुग्याने आम्ही गोठवतो. पल्स्ड फील्ड या अब्लेशनच्या प्रकारात तर विजेच्या झटक्यांनी पेशींच्या पटलाला छिद्रं पडतात. तिथे कुठलं डागणं? अब्लेशनच ठेवा, रुग्ण तोच शब्द ऐकून येतात.

पिंपळपान: असं करत करत मराठीत क्रियापदं तेवढी उरतील.

आजोळ: उशिरा आले. 'वरचे कप्पे' का? शाळेत आम्ही अलिंद शिकलो.

काजवा: आमच्या वेळी कर्णिका होतं.

पिंपळपान: अलिंदच हवं. अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी, आणि लॅटिन एट्रियम हाही घराचा दर्शनी चौक. इतका जुळणारा शब्द मिळाला असताना कप्पे कशाला?

नाडीपरीक्षा: कारण अलिंद म्हटलं की रुग्ण माझ्याकडे बघत राहतो.