लाकडी इमारतीच्या आराखड्यात उभारणीची सोय केव्हा पाहावी?

प्रश्न (पदव्युत्तर विद्यार्थी, व्हँकूवर):
फळ्यांचे आडवे-उभे थर चिकटवून केलेल्या सीएलटी पॅनेलची सहामजली इमारत मला अभ्यासप्रकल्पासाठी आखायची आहे. खोल्यांच्या मांडणीवरून मी खांबांच्या जागा ठरवल्या आणि नंतर त्यांवर पॅनेल बसवू लागलो, तेव्हा एकाच मजल्याला निरनिराळ्या मापांची सतरा पॅनेल लागू लागली. उभारणीचा विचार नेमका कोणत्या टप्प्यावर करावा?

उत्तर १:
खांबांच्या जागा ठरवण्याआधी. आपल्याच शहरातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या ब्रॉक कॉमन्स या १८ मजली वसतिगृहाचा आराखडा अवश्य पाहावा. तेथे खांबांमधील २.८५ मीटर हे अंतर कारखान्यात निघणाऱ्या पॅनेलच्या रुंदीवरून आले. दुसऱ्या दिशेला ते ४ मीटर आहे. १६९ मिलिमीटर जाडीची पाच थरांची पॅनेल थेट खांबांवर टेकत असल्यामुळे तुळयांची गरजच उरली नाही, आणि तुळया गेल्यामुळे क्रेनच्या तेवढ्या फेऱ्या व तेवढे जोड वाचले, शिवाय छताखालून नळ नेताना त्यांना वळसा घालावा लागला नाही. प्रत्येक मजल्यावर तेच ७८ खांब आणि तीच २९ पॅनेल असल्याने कामगारांचा हात बसत गेला व ७० दिवसांच्या आत लाकडी सांगाडा उभा राहिला.

उत्तर २:
सहमत आहे, परंतु त्या वेगाचे सारे श्रेय लाकडाला देऊ नये. तळमजला आणि जिने-लिफ्टचे दोन्ही गाभे काँक्रीटचे होते व ते आधीच बांधून झाले होते. खांबांचे पोलादी जोड कारखान्यातच बसवून आले आणि ते कसे जुळतात, हे दोन मजल्यांचा पूर्ण आकाराचा नमुना उभारून तपासले गेले होते. मला हा नमुना सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तेथे सापडलेली चूक कागदावर दुरुस्त होते. पावसाचाही विचार करावा: खिडक्यांसह तयार बाह्यभिंती तेथे मजल्यांमागोमाग चढवल्या आणि सांगाडा ऑगस्ट २०१६ मध्ये, कोरड्या दिवसांत पूर्ण झाला.

प्रश्नकर्ता:
लाकडी खांब भाराने व वाळल्याने किंचित आखूड होतात, काँक्रीटचा गाभा तितका होत नाही. मग मजले तिरपे होणार नाहीत का?

उत्तर १:
होऊ शकतात. म्हणूनच तेथे ठराविक मजल्यांवर खांबांच्या जोडांत पातळ पोलादी पत्रे घालून उंची सावरली. तसेच खालच्या खांबावर वरचा खांब पोलादी जोडातून थेट उभा असल्यामुळे वरच्या मजल्यांचा भार मधल्या पॅनेलला चिरडत नाही. सहा मजल्यांना हा फरक कमी असेल. तरी मजला गाभ्याला कसा जोडणार, तो तपशील आताच काढून ठेवावा.