पिंजऱ्यातून शार्क बघायला मुलांना नेलंय का? अनुभव लिहा

दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये केप टाउनहून पहाटे साडेचारला निघून आम्ही गान्सबायजवळच्या क्लेनबाय बंदरावर पोचलो. लेक नऊ वर्षांची, धाकटा पाच. जायच्या आधी मी खूप शोधलं, पण लहान मुलांना नेलेल्या आईवडिलांचं मोकळेपणाने लिहिलेलं काहीच हाती लागलं नाही. म्हणून हा धागा. मुलांचं वय, समुद्र कोणता, आणि काय चुकलं, हे जरूर लिहा.

आधी आमचं सांगते. यासाठी डायव्हिंगचा परवाना लागत नाही. पिंजरा बोटीच्या कुशीला बांधलेला असतो आणि त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहतो. माशांचा खिमा समुद्रात सोडतात, दोरीला ट्यूनाचं डोकं बांधून फेकतात. शार्क जवळ आला की वरून ओरडतात, "डाउन!" मग श्वास रोखायचा, आतला दांडा धरून अंग खाली ढकलायचं, पाय खालच्या दांड्यात अडकवायचे. माझ्या लेकीचे पाय त्या दांड्यापर्यंत पोचलेच नाहीत. वजनाचा पट्टा बांधूनही बूच तरंगावं तशी ती वर येत होती. मास्क मोठ्यांचा. गालाशी फट राहिली आणि पाणी नाकात गेलं. चार मिनिटांत म्हणाली, "आई, मला बाहेर काढ." लगेच काढलं. ओठ जांभळे, दात वाजत होते. पाणी १४ अंश होतं.

पाऊण तासाने, गरम कोको पोटात गेल्यावर, तीच म्हणाली, "परत जाते." मी एका शब्दानेही सुचवलं नव्हतं. दुसऱ्या वेळी मास्कचा पट्टा घट्ट करून दिला आणि बाबा तिला कमरेला धरून शेजारी उभा राहिला. तिने तिघे बघितले.

ते तिघेही ब्राँझ व्हेलर जातीचे शार्क होते. ज्यासाठी लोक इथे येतात तो मोठा पांढरा शार्क, म्हणजे ग्रेट व्हाइट, एकही नाही. २०१७ मध्ये याच किनाऱ्यावर ग्रेट व्हाइटची कलेवरं लागली, त्यांची यकृतं गायब होती. हे काम 'पोर्ट' आणि 'स्टारबोर्ड' या दोन ओर्का (किलर व्हेल) नरांचं मानतात. एकाचा पाठीचा पर डावीकडे कलंडलेला, दुसऱ्याचा उजवीकडे. तेव्हापासून इथे ग्रेट व्हाइट दुर्मीळ झालेत. हे मुलांना घरी असतानाच सांगा. लेकीला आम्ही बोटीवर सांगितलं, आणि तिचा चेहरा पडला तो मला अजून दिसतो.

धाकट्याला पिंजऱ्यात सोडायचा प्रश्नच नव्हता. पण वरच्या डेकवरून शार्कची सावली नाकापासून शेपटीपर्यंत अखंड दिसते, पिंजऱ्यातून कधी कधी नुसती पांढरी कूस समोरून सरकते. सगळ्यात जास्त त्यानेच बघितलं.

अ‍ॅडलेडहून, मुलगा ११

आम्ही पोर्ट लिंकनहून नेपच्यून बेटांना गेलो. ग्रेट व्हाइटच बघायचा असेल तर इथे शक्यता बरीच चांगली, कारण सील भरपूर. १९६३ मध्ये शार्कच्या हल्ल्यातून वाचलेल्या रॉडनी फॉक्स यांनीच पुढे इथे पिंजऱ्यातून शार्क बघायची सुरुवात केली. श्वास रोखायला लागत नाही, नळीने हवा येते. म्हणून आम्ही महिनाभर आधी तरणतलावात रेग्युलेटर, म्हणजे त्या नळीचं टोक, तोंडात धरून श्वास घ्यायचा सराव करून घेतला. खूप उपयोग झाला. मादी आली तेव्हा पोरगं स्तब्ध. वर आल्यावर एवढंच म्हणालं, "बाबा, तिने माझ्याकडे बघितलं. डोळा काळा नाहीये, निळा आहे." खरंच गडद निळा असतो. आम्ही जन्मभर काळाच समजत होतो.

फ्रीमाँटहून, मुलगी ८

माझ्याकडून चूक झाली, म्हणून लिहितो. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून फॅरलोन बेटांना गेलो. पिंजऱ्यात मी उतरणार होतो, ती फक्त बघणार होती. गोल्डन गेट ओलांडल्यावर लाटा सुरू झाल्या आणि दहाव्या मिनिटाला तिला उलटी. जायला अडीच तास, तिथे दिवसभर थांबायचं, तेवढंच परत. गोळी दिली होती, पण उलटी सुरू झाल्यावर. ती आधी द्यायची असते. दुपारी ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्ही जा ना, मी ठीक आहे." मी गेलो नाही. पण आपल्या बाबाला हौस आहे म्हणून आठ वर्षांचं पोर असं बोललं, हे मला फार लागलं. शार्कला ती एकदाही घाबरली नाही. तिला समुद्र सोसला नाही.

नाशिकहून

बालरोगतज्ज्ञ आहे, स्वतः गेलेले नाही. मुलांचं अंग वजनाच्या मानाने जास्त उघडं पडतं, त्यामुळे ती आपल्यापेक्षा लवकर गार पडतात. थरथरणारं मूल "अजून पाच मिनिटं" म्हणालं तरी बाहेर काढा. सर्दी असेल, कान दुखत असेल तर उतरवूच नका. आणि उलटीचं औषध वयाप्रमाणे आपल्या डॉक्टरांना विचारूनच.

मालवणहून, नात १०

नात जोहान्सबर्गला असते. मॉसेल बेला जाऊन आली, तिला मोठा ग्रेट व्हाइट दिसला. मला फोनवर तासभर सांगत होती. ग्रेट व्हाइटला सगळ्यात आधी, १९९१ मध्ये, संरक्षण दिलं ते दक्षिण आफ्रिकेनं. मादी तिशीच्या आसपास कधीतरी पिल्लं देण्याजोगी होते, हेही मला तिच्याकडूनच कळलं.

मे महिन्यात इथे आली तेव्हा संध्याकाळी मासे उतरतात तिथे नेलं. पाटीत हातभर लांबीच्या मोऱ्या, म्हणजे लहान शार्कच. आमच्याकडे मोरीचं कालवण म्हणजे पाहुणचार, आणि पूर्वी तीच दोनदा वाढून घ्यायची. खाली बसली. बोटाने कल्ल्यांच्या फटी मोजल्या, पाच. नाकावरची बारीक छिद्रं मला दाखवली, "आजोबा, यातून त्यांना दुसऱ्या माशांची वीज कळते." मग कोळणीला विचारलं, "हिचं वय किती?"

"बारकी हा गो बाय ती."

त्या दिवशी आम्ही बांगडे घेतले.