घर बदलताना काय ठेवले, काय सोडले? कोल्हापूरकरांचे अनुभव

पेठांमधील वाडे आणि जुनी घरे सोडून कळंबा, आर. के. नगर किंवा फुलेवाडीकडील फ्लॅटमध्ये राहायला गेलेले कुटुंब आता प्रत्येकाच्या ओळखीत आहे. टेम्पो दारात येण्यापूर्वी घरात काय टाकायचे यावरून जी चर्चा, आणि अनेकदा जी भांडणे होतात, त्यांविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. निर्णय कोणी घेतला, कशाच्या आधारावर घेतला आणि सोडलेली वस्तू शेवटी कोठे गेली, हे सांगणारे अनुभव येथे हवे आहेत. ‘मोह सोडा’ हा उपदेश कृपया नको. घरातील ज्येष्ठांनी तो पुरेसा ऐकलेला असतो.

निवृत्त शिक्षिका, मंगळवार पेठेतून कळंब्याला

आमच्या माळ्यावर तांब्याचा बंब, घंगाळ, हंडे आणि पितळी डबे होते. मोडीत घालताना केवळ वजनाचा भाव मिळतो, त्यातूनही घट वजा होते आणि घडणावळ कोणी मोजत नाही, हे ठाऊक असल्यामुळे बंब तरी दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवावा, असे आम्हा सर्वांचे मत होते. सासूबाईंना विचारले, तेव्हा त्यांनी बंब सर्वांत आधी काढायला सांगितला, कारण पहाटे उठून तो पेटवण्याचे काम उभा जन्म त्यांनीच केले होते आणि त्यात शोभेसारखे त्यांना काहीच दिसत नव्हते. भिशीचे पैसे ठेवण्याचा, झाकण नीट न बसणारा एक लहान डबा मात्र त्यांनी स्वतःच्या पिशवीत घातला. पाट्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीने तो पुन्हा खरखरीत करून घेऊन, वरवंट्यासह ओळखीच्या खानावळीला दिला. ज्याने वस्तू वापरली त्याला आधी विचारावे, एवढेच मी सुचवीन. आमच्या घरी हे काम सर्वांत शेवटी सुचले.

व्यापारी, लक्ष्मीपुरी

कागदांच्या बाबतीत भावनेपेक्षा मुदत पाहणे सोयीचे असते. वस्तू व सेवा कराचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने सांभाळावे लागतात आणि अपील किंवा चौकशी चालू असेल, तर त्याहूनही अधिक काळ. खरेदीखत, सूची क्रमांक 2 (नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा), मालमत्ता पत्रक, वारसनोंदीचे कागद यांना मात्र मुदत नाही. ते टेम्पोत न ठेवता स्वतःबरोबर न्यावेत. आमच्या ट्रंकेत मोडी लिपीतील काही कागद निघाले. वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीच्या गठ्ठ्यात जाणार होते, परंतु मोडी जाणणाऱ्या गृहस्थांना दाखविल्यावर त्यांतील एक कागद विहिरीच्या पाण्याच्या पाळीविषयीचा असल्याचे कळले. कोल्हापुरात पुरालेखागार असल्यामुळे मोडी वाचणारी माणसे येथे शोधल्यास भेटतात. असे कागद टिकावेत म्हणून लॅमिनेशन करू नये; उष्णतेने बसवलेले प्लास्टिक पुन्हा सुखरूप निघत नाही.

गृहिणी, पूर्वी शाहूपुरी

आमच्याकडे निवड आधी पाण्याने केली. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट मानतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले. तळमजल्यावरील रोजच्या वापराचे सर्व सामान बुडाले आणि माळ्यावरची फुटकी सुटकेस, बंद पडलेला मिक्सर, कोणीच न पांघरलेल्या वाकळा अशी अडगळ कोरडी राहिली. या विसंगतीचा त्या वेळी फार संताप आला होता. 2021 च्या पुरानंतर उंचावरील भागात घर घेतले, तेव्हा आवराआवर माळ्यापासून सुरू केली आणि तेथील जवळपास काहीही बरोबर घेतले नाही. फुगलेले प्लायवूडचे कपाट टाकावे लागले होते. सागवानी पलंग सावलीत हळूहळू वाळवल्यामुळे आजही वापरात आहे, म्हणून नव्या घरासाठी कमी, पण भरीव लाकडाचेच सामान घेतले.

आर. के. नगर

प्रथम नव्या इमारतीच्या लिफ्टचे आणि जिन्याच्या वळणाचे माप घ्यावे. लोखंडी कपाटावरून आमच्या घरी सुरू असलेला वाद टेपने पाच मिनिटांत मिटवला.

राजारामपुरी, छायाचित्रकाराचा मुलगा

वडिलांच्या स्टुडिओतील निगेटिव्हचे डबे हा माझ्या वाट्याला आलेला प्रश्न होता. जुन्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला, की ती विघटित होत आहे असे समजावे आणि ती इतरांपासून वेगळी ठेवावी, कारण तिच्यातील आम्लाची वाफ शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागते. या कसोटीवर बरीच फिल्म काढून टाकता आली. पैलवानांची छायाचित्रे त्यांच्या तालमींना दिली आणि ती त्यांनी आनंदाने घेतली. लग्नांच्या निगेटिव्हचे मात्र अजून ठरलेले नाही. त्या आमच्या कपाटात असल्या, तरी त्यांतील चेहरे आमच्या घरचे नाहीत आणि पाकिटांवर केवळ आडनाव व गल्ली लिहिलेली आहे. भावाच्या मते कोणी इतक्या वर्षांत विचारायला आले नाही, यातच उत्तर आहे. माझ्या मते निगेटिव्ह मागता येते, हेच बहुतेकांना माहीत नसावे. तूर्त तीन डबे नव्या घरी आले आहेत आणि पुढच्या दिवाळीपर्यंत संबंधित गल्ल्यांत जाऊन चौकशी करण्याची मुदत भावाने मला दिली आहे.